तुम्ही विचारलंत म्हणून : दुसरी बाजू

घरी पहिल्यांदा येणारा माणूस चहा संपायच्या आत विचारतोच, "एवढ्या रेकॉर्डी आहेत, त्यातली सगळ्यात भारी कुठली?" कुणी 'भारी'च्या जागी 'दुर्मिळ' म्हणतं. आमच्या गल्लीतले इस्टेट एजंट तर सरळ "हिचे किती येतील हो?" असंच विचारतात. इतकी वर्षं मी वेळ मारून न्यायचे. समोरच्याचा चेहरा बघून कधी ख्यालगायक अमीर खाँ सांगायचे, कधी केसरबाई केरकर. परवा भाचीच्या नवऱ्याने विचारलं, मी नेहमीचं उत्तर दिलं, तर तो म्हणाला, "मावशी, ही तर सगळेच सांगतात. तुमची कुठली?"

आता असं विचारल्यावर नीट सांगायला हवं.

मुळात मी रेकॉर्डी गोळा करायला निघालेच नव्हते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बँकेची नोकरी, त्यामुळे बुधवारचा प्रश्नच नव्हता. १९९६च्या एका रविवारी सागवानी कपाट बघायला गेले. कपाट परवडलं नाही. तोंड पाडून निघाले तर विकणारे काका म्हणाले, "ताई, रिकाम्या हाताने कशाला जाता, हे तरी न्या." सुतळीने बांधलेला गठ्ठा, बावीस रेकॉर्डी, साठ रुपये. घरी त्या वाजवायला काहीही नव्हतं. चावीचा ग्रामोफोन मिळेपर्यंत वर्ष गेलं. तोवर मी त्या नुसत्या बघत बसायचे, पुसायचे.

पुसण्याची कथा सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. पहिलीच रेकॉर्ड मी स्पिरिटने पुसली. बँकेत टाइपरायटर स्पिरिटने पुसायचे, तोच हिशेब. बोळा काळाकुट्ट झाला. मला वाटलं, काय मळ निघतोय! अजून जोरात घासली. वाळल्यावर बघते तर त्या भागातल्या रेघाच गेल्या होत्या, काच पुसावी तशी गुळगुळीत चकती. मग डोक्यात प्रकाश पडला. अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या लाखेच्या. सुतार पॉलिशसाठी चपडी लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. ती रेकॉर्ड कुणाची होती हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

पण त्या नुसत्या बघण्यात एक गोष्ट लक्षात आली. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की एक बाजू काळीभोर चमकते आणि दुसरी राखाडी दिसते, धुऊन धुऊन विटलेल्या काळ्या छत्रीसारखी. आधी वाटलं, एकेका बाजूला ऊन लागलं असेल. बावीसपैकी पंधरा-सोळा तशाच निघाल्या तेव्हा उलगडलं. लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असते. पोलादी सुई तिच्यावर घासून आपोआप रेघेच्या मापाची व्हावी म्हणून ती मुद्दाम घालत. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायची असते. पण आपल्याकडे तेवढा उधळा कोण? एकच सुई दहा-दहा बाजू पुरवून वापरायची, आणि मग सुईऐवजी रेकॉर्डच झिजायची. थोडक्यात, राखाडी बाजू घराची लाडकी. काळी बाजू एकदा लावली, 'हं' म्हटलं आणि उलटून ठेवली ती कायमची.

तेव्हापासून मला काळ्या बाजूंचं वेड आहे. सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूने कोरलेल्या असत, मागचा भाग सपाट. पुढे दोन्ही बाजू आल्या आणि गिऱ्हाईक एका गाण्यासाठी दोन विकत घेऊ लागलं. नको असलेलं गाणं पदरात पडलं, कपाटात गेलं आणि म्हणूनच शाबूत राहिलं. आजही इंटरनेटवर चढवणारे भले लोक बहुतेक वेळा गाजलेलीच बाजू चढवतात. तिची खरखर ऐकून लोक म्हणतात, जुन्या रेकॉर्डचा आवाजच तसा. तो तसा नसतो हो! त्याच तबकडीची दुसरी बाजू लावून बघा, गाणारा शेजारच्या खोलीत बसलाय असं वाटेल.

एलपीत, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डीत, ही खूण सहसा दिसत नाही. ती प्लास्टिकची, तशी सहज राखाडी पडत नाही. तिची लबाडी वेगळीकडे सापडते, लेबलवर. रेकॉर्ड ठेवताना मधलं भोक खिळ्यावर नेमकं बसत नाही, हात चाचपडतो, आणि भोकाभोवती केसासारखे ओरखडे उठतात. जितके ओरखडे, तितक्या वेळा ती बाजू वाजली. अमीर खाँसाहेबांची १९६०ची एलपी, एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, मी दादरच्या एका घरातून आणली. मारव्याच्या लेबलवर भोकाभोवती जाळंच झालं होतं. दरबारीच्या बाजूला मोजून चार ओरखडे. त्या घरात वर्षानुवर्षं संध्याकाळी मारवा लागला, संपला, आणि कुणी उठून बाजू बदलली नाही.

मीही तेच केलं असतं. त्या मारव्याबद्दल इतकं ऐकलेलं असतं की ऐकण्याआधीच मान डोलवायला लागतो आपण. एका रात्री चष्मा नव्हता आणि मी उलटी बाजू लावली. मारव्याच्या तयारीत बसलेले आणि खालून, अगदी तळघरातून यावा तसा षड्ज आला. मग गांधार. दरबारीचा गांधार नुसता लावून चालत नाही, तो झुलवावा लागतो, आणि खाँसाहेब तो पाळण्यातल्या पोराला जाग येऊ नये अशा बेताने झुलवतात. माझं मत विचाराल तर मारवा थोर आहे, पण दरबारी माझी आहे. आमच्या ओळखीतल्या एका जाणकारांना हे सांगितलं तर त्यांनी मला नव्याने गाणं ऐकायला लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. बघोत.

अशा रेकॉर्डींमागे असलेला एक माणूस मात्र आपण विसरलोय. 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे जी. एन. जोशी वकिली सोडून एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीत गेले, आणि मोठमोठ्यांच्या मिनतवाऱ्या करून त्यांना माइकसमोर बसवणं हे त्यांचं काम झालं. १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांचीच. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. ती ऐकलेला माणूस संतूर म्हणतो, बासरी म्हणतो. शिवकुमार आणि हरिप्रसाद ही नावं घेतो. पण तिसरं वाद्य गिटार आहे. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर कांडी सरकवत ब्रिजभूषण काबरांनी वाजवलेली. आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पुढच्या वेळी फक्त तबला ऐका. कुठे म्हणून तो पुढे येत नाही, आणि कुठे म्हणून सोडूनही जात नाही. एवढ्या गाजलेल्या रेकॉर्डमध्येसुद्धा न ऐकलेली बाजू असते, ती उलटायलाही लागत नाही.

केसरबाईंचं विचाराल, तर 'जात कहाँ हो' माझ्याकडे नाही. ती भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर चढून सूर्यमालेबाहेर निघाली. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. लोकांना तीच हवी असते, म्हणून तिचा भावही आकाशात. माझ्याकडे त्यांचा नट कामोद आहे. सव्वातीन मिनिटांच्या आसपास काम. घरी तासभर पसरणारा राग तेवढ्यात बसवायचा म्हणजे गळ्याबरोबर डोक्याचीही परीक्षा. बाई घाई करत नाहीत. सुई शेवटच्या वेढ्यात शिरतानाही तान निवांत समेवर येते.

आता भाचीच्या नवऱ्याला खरं उत्तर. त्या साठ रुपयांच्या गठ्ठ्यातलीच एक आहे. लेबल दोन्ही बाजूंनी उंदराने खाल्लंय, कंपनीचं नावसुद्धा अर्धंच. एक बाजू इतकी झिजलीय की सुई नुसती घसरते. दुसरी काळीभोर, फक्त कडेपासून आत दीड बोट एक तडा गेलाय, त्यामुळे पहिला मिनिटभर ताल असा ना तसा, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा 'टक' होत राहतं. ती टकटक थांबली की आवाज स्वच्छ होतो. बाईचा आवाज, काफीच्या अंगाची ठुमरी, आणि मध्येच एक अस्सल बैठकीतली हरकत, लावणी गाणाऱ्या बाईच घेतील अशी. कुणाचीही नक्कल नाही. किंमत शून्य, कारण नाव नाही.

जवळजवळ नाही, असं म्हणते. त्या काळी गाणं संपलं की गाणारी स्वतःचं नाव सांगायची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान 'माय नेम इज गौहर जान' म्हणाल्या तो प्रकार. मूळ ठसे छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचे, तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. नंतर गरज उरली नाही तरी ती रीत काही काळ रेंगाळली. माझी बाईसुद्धा शेवटी नाव सांगते. तबलजीचा हात थांबतो न थांबतो तोच, गडबडीने, थोडी हसत. पण सुई तिथे मधल्या लेबलाच्या इतकी जवळ आलेली असते की आवाज चिरकतो. '…बाई, कोल्हापूर' एवढं लख्ख ऐकू येतं. 'बाई'च्या आधी दोन अक्षरं आहेत. माझा भाऊ शपथेवर सांगतो की पहिलं 'मं' आहे. मला दर वेळी 'चं' ऐकू येतं. भाचीच्या नवऱ्याला परवा तीनदा ऐकवली, तर तो म्हणाला, "मावशी, 'गं' नाही का?"