जपानमध्ये पण कॅसेटच म्हणतात

ओसाकात निप्पोनबाशीला डेन डेन टाउन म्हणून भाग आहे, इलेक्ट्रॉनिक्सची आणि गेमची दुकानं नुसती एकाला एक चिकटून, रविवार आला की माझे पाय तिकडंच वळतात. परवा तिथल्या एका सेकंडहँड दुकानात फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या व्हिडिओ गेम कन्सोलची, एक पिवळी कॅसेट हातात घेतली, उलटी केली तर मागं मार्करनं काताकाना या जपानी लिपीत कुणा पोराचं नाव, शाई जरा पसरलेली. खेळायला दिलेली कॅसेट परत यावी म्हणून इथली पोरं नावं लिहायची. आपल्याकडं भांड्यांवर नाव घालतात ना, अगदी तसंच.

आणि दुकानातले काका तिला "कासेत्तो" म्हणाले! मिरजेत आम्ही पण कॅसेटच म्हणायचो, मे महिन्याच्या सुट्टीत एकाच्या घरी सगळे जमायचो, नाही चालली की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. आपल्याकडचे ते स्वस्तातले व्हिडिओ गेम याच फॅमिकॉमची नक्कल होते हे मला इथं आल्यावर कळलं.

जुन्या गेमचा हा बाजार इथं सहज नाही टिकला. गेम कंपन्या सेकंडहँड विक्रीविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, २००२ मध्ये जपानच्या सुप्रीम कोर्टानं दुकानांच्या बाजूनं निकाल दिला म्हणून आज मी गेम खेळून संपवतो, दुकानात विकतो आणि त्याच पैशात दुसरा घेतो.

डाउनलोड केलेल्या गेमचं हे काहीच होत नाही. सोय आहे, मान्य, रात्री दोनला पण घेता येतो. पण तो राहतो तुमच्या अकाउंटवर, विकता येत नाही, आणि दुकानच बंद झालं तर? थ्रीडीएस आणि वी यू या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, आधी घेतलेले गेम परत उतरवता येतात पण जे फक्त डिजिटल निघाले होते ते नव्यानं विकत घ्यायची वाटच संपली. मला हे फार लागलं.

आता निन्टेन्डोच्याच स्विच २ कन्सोलला तर गेम-की कार्ड आलंय, म्हणजे डबी तीच, कार्ड तसंच, पण आत गेम नाही, फक्त किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड पण लावून ठेवायचं. विकता येतं हे खरं, पण वीस वर्षांनी ते सर्व्हर नसले तर त्या कार्डाचं करायचं काय? डबीवर खाली तशी पट्टी असते, घेताना तेवढी बघत जा.

दिवाळीला येतोय तर भाच्यासाठी स्विचच्या दोन कॅसेट घेतल्यात, पूर्ण गेम आत असलेल्या, स्विचला देशाचं बंधन नाही त्यामुळं तिकडं पण चालतील. ताईला फोनवर सांगितलंय, घरात एक मार्कर आणून ठेव.