माचू पिचूला पोचलो, पण मला पाण्याबद्दल बोलायचंय

झाला एकदाचा इंका ट्रेल, म्हणजे पेरू देशातली इंका लोकांची जुनी पायवाट, माचू पिचू या त्यांच्या डोंगरावरच्या गावापर्यंत जाणारी. गुडघे अजून पायरी दिसली की कुरकुरतायत, पण आत्ता नाही लिहिलं तर राहूनच जाईल म्हणून बसलेय.

मी आणि माझी आत्येबहीण, म्हणजे ताई, ती न्यू जर्सीत असते, दोघींचं हे कधीपासून चाललं होतं. या ट्रेलला मनात आलं आणि निघालो असं जमतच नाही. दिवसाला 500 माणसांनाच सोडतात आणि त्यात पोर्टर, गाइड, स्वयंपाकी सगळे धरून, म्हणजे आपल्यासारख्यांना जेमतेम 200 जागा. परमिटवर पासपोर्ट नंबर असतो आणि तो सुरुवातीच्या चेकपोस्टवर तपासतात. फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी ट्रेल बंदच असतो.

चार दिवसांत 42-43 किलोमीटर हे वाचून ताई म्हणाली, अगं एवढंच? मलाही तसंच वाटलं, रतनगड ते हरिश्चंद्रगड करणाऱ्यांना काय त्याचं. पण कळसूबाई 1646 मीटर आणि इथली सगळ्यात उंच खिंड, डेड वुमन्स पास, 4215, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दहा पावलं टाकायची, थांबायचं, कोकाची पानं चघळायची (उंचीवरच्या थकव्यावरचा तिकडचा उपाय), आजूबाजूचं बघतोय असं दाखवायचं आणि परत दहा पावलं. चढ मात्र बरा म्हणायचा असा उतार पुढे आहे. इंकांकडे चाकाची गाडी नव्हती, घोडे नव्हते, रस्त्यावर चालणार कोण तर माणसं आणि लामा, त्यामुळे जिथे आपण घाटाला वळणं दिली असती तिथे त्यांनी सरळ दगडी जिना उतरवलाय. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, वर पावसाने ओली. काठीच्या टोकाला रबर लावायला लावतात, दगड झिजू नयेत म्हणून.

आणि त्याच पायऱ्यांवरून पोर्टर पळत जातात. अक्षरशः पळत! मागून कोणीतरी ओरडतं "पोर्टर!" की आपण डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं, दरीच्या बाजूला नाही, हे गाइडने पहिल्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं. एका माणसाने 20 किलोवर ओझं न्यायचं नाही असा कायदा आहे आणि वजन चेकपोस्टवर काट्यावर होतं. आपण सकाळी नाश्ता करून निघतो, मागे तंबू काढला जातो, तोच तंबू आपल्याला ओलांडून पुढे जातो आणि आपण पोचेपर्यंत उभा असतो. शेवटच्या रात्री आमच्या स्वयंपाक्याने केक केला, ओव्हन नाही काही नाही, गॅसवर पातेल्यात. मी त्याला लसणीची चटणी दिली तर त्याने चमचाभर नुसतीच खाल्ली आणि आणखी मागितली.

आता पाण्याचं.

गडावर पोचलो की आपला पहिला प्रश्न काय असतो, पाणी कुठे आहे? टाकं कुठलं, पिण्याचं कुठलं, मार्चमध्ये असतं का. सवयीने मी तिथेही वाटेवरच्या इंका वस्त्यांच्या प्रत्येक अवशेषापाशी तेच शोधत होते. आणि तिथे पाणी वाहत होतं! फुयुपातामार्काला एकाखाली एक दगडी कुंडं, वरच्यातून खालच्यात पाणी पडतंय. विनय वायनाला तर वरच्या घरांपासून खालच्या घरांपर्यंत लांबच्या लांब जिना, आणि जिन्याच्या कडेने तशीच कुंडांची रांग. मी उकिडवी बसून बघितलं, वरच्या दगडाच्या ओठाला बोटभर रुंदीची खाच कोरलेली आहे, त्यामुळे पाणी भिंतीवरून ओघळत नाही, सुटं होऊन पुढे पडतं. खाली मडक्याचं तोंड धरलं की थेट आत. बास, एवढीशी खाच. ताई म्हणाली, चल ना आता, अवशेष तिकडे आहेत. मी म्हटलं, ताई, हाच तर अवशेष आहे.

आपल्याकडे चार महिने धो धो आणि मग आठ महिने कोरडं, म्हणून आपल्या लोकांनी कातळ खोदून टाकी केली, पाणी साठवायचं. तिथे वरून झरा येतोय, तर त्यांनी तो वळवला. माचू पिचूत सुमारे पाऊण किलोमीटरचा दगडी पाट काढून झऱ्याचं पाणी गावात आणलंय आणि पुढे 16 कुंडांतून एकापाठोपाठ एक खाली सोडलंय. पहिलं कुंड कुणाच्या घराशी, तर राजाच्या! म्हणजे चोख पाणी आधी साहेबांना, मग उतरत उतरत बाकीच्यांना. आपल्या गावांमध्ये पाणवठ्याचं राजकारण बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर पाऊस, मुंबईपेक्षा थोडाच कमी, आणि तोही डोंगराच्या खांद्यावर. हे सगळं कधीच घसरून उरुबांबा नदीत जायला हवं होतं. गेलं नाही, कारण शेतीच्या पायऱ्यांखाली आणि मधल्या मोठ्या चौकाखाली दगडांच्या कपच्यांचे थर घातलेत, पाणी मुरून खाली निघून जातं. सुमारे 1450 चं काम आहे हे, पाचाकुटी राजाच्या काळातलं. सगळे फोटो काढतात ते चुन्याशिवाय बसवलेल्या दगडांचे, आणि ते आहेतच भारी, नख जात नाही मध्ये. पण मला विचाराल तर खरी कारागिरी न दिसणारी आहे.

शेवटचा दिवस. पहाटे तीनला उठवतात. सगळ्यांना वाटतं सूर्योदयासाठी, तर तसं काही नाही, पोर्टर लोकांना तंबू आवरून खाली जाऊन पहाटेची ट्रेन पकडायची असते म्हणून. गेट उघडतं साडेपाचला, तोवर अंधारात हेडटॉर्च लावून रांगेत बाकावर बसायचं. मग तासा-दीडतासाची चाल, शेवटी पन्नासेक पायऱ्या इतक्या उभ्या की हात टेकून चढायचं, आणि वर इंती पुंकू, सन गेट. जिथून माचू पिचू पहिल्यांदा दिसतं.

आम्हाला ढग दिसला. पांढराफटक. एक ग्रुप तरीही हात वर करून फोटो काढत होता, मागे ढगच. गाइड म्हणाला खाली चला, उघडेल, आणि अर्ध्या वाटेवर खरंच तुकड्या-तुकड्याने दिसायला लागलं, आधी शेतीच्या पायऱ्या, मग एक छप्पर नसलेलं घर, मग मागचा वायना पिचूचा सुळका. ताई रडली. मी नाही रडले, मला प्रचंड भूक लागली होती.

आत बसने आलेली मंडळी आंघोळ करून, परफ्यूम मारून, आणि आम्ही चार दिवसांचे. लोक जागा करून देत होते, का ते उघड आहे.

हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने 1911 मध्ये "शोध लावला" असं सगळीकडे लिहितात, पण तो आला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं त्याच पायऱ्यांवर पिकं घेत होती, आणि भिंतीवर त्याला लिझारागा नावाच्या स्थानिक माणसाचं नाव आणि 1902 साल लिहिलेलं सापडलं. गडाच्या भिंतीवर नावं लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्यात, याला मात्र माफ केलं.

कोणी जाणार असाल तर: मे ते सप्टेंबर कोरडा सीझन, परमिट काही महिने आधी, आणि कुस्को शहरात (3400 मीटर) आधी दोन-तीन दिवस नुसते काढा, हवेची सवय व्हायला. नी-कॅप दोन्ही गुडघ्यांना घ्या. आम्हाला खाली गावात हॉटेलची रूम मिळाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती, ताईने रिसेप्शनवर बॅग टाकली आणि तिथल्याच सोफ्यावर तासभर घोरली.