नऊ कळा, तीन ठिपके

‘कॉम्प्युटर उघडत नाही. पासवर्ड विसरलो,’ थोरले काका फोनवर एवढंच म्हणाले. आयुष्यभर तलाठी म्हणून नोकरी केलेला माणूस. कुणाची वारस नोंद कुठल्या साली धरली, हे दप्तर न उघडता सांगायचे. त्यांच्या तोंडून ‘विसरलो’ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मिरजेतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान पोरावर सोपवून दुसऱ्या दिवशी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो.

मशीन जुनं, त्यावर विंडोज सेव्हन. हे काम आमच्या धंद्यात पाच मिनिटांचं समजलं जातं. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, लॉगिनच्या पडद्यावर जे एक बटण असतं त्याच्या मागची फाइल बदलायची आणि नवा पासवर्ड बसवायचा. तेवढंही येत नसेल तर ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं. या वाक्याची मला चीड आहे. लोकांचे फोटो, हिशोब, पत्रं घालवणारे दुकानदार वर पैसेही घेतात.

मी आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो, मग काय ते बघतो. प्रत निघाली. लिनक्समधून, म्हणजे विंडोज बाजूला ठेवून दुसऱ्या प्रणालीतून, फोल्डर दिसत होते. फोटो उघडले, पण ‘मळा’ नावाच्या फोल्डरातली एकही फाइल उघडेना. मग लख्ख आठवलं. ते काम माझंच होतं. २०१२ साली काका म्हणाले होते, ‘पोरं मशीनवर खेळतात, हे कुणाला दिसता कामा नये.’ तेव्हा मीच विंडोजच्या आतली कूटबंदी, म्हणजे फाइलींना कुलूप घालणारं एन्क्रिप्शन, चालू करून दिली होती. त्या फोल्डरात चार भावांच्या वाटणीचा कच्चा मसुदा होता आणि सामाईक विहिरीच्या पाळीपाण्याची वर्षानुवर्षांची नोंद. कूटबंदीची किल्ली खात्याच्या पासवर्डाला बांधलेली असते. बाहेरून जबरदस्तीने पासवर्ड बदलला तर खातं उघडतं, पण या फाइली बंदच राहतात. किल्लीची वेगळी प्रत काढून ठेवायला हवी होती. मी ती काढली नव्हती. ही चूक माझी.

म्हणजे जुना पासवर्डच हवा होता. काका समोर बसले आणि वहीत लिहून आणलेली यादी वाचू लागले. नातवंडांच्या जन्मतारखा, निवृत्तीचं साल, गाडीचा नंबर. मी एकेक टाकत गेलो. घरच्या मशीनवर सहसा कितीही वेळा चुकलं तरी खातं बंद पडत नाही, म्हणून धीर होता. दोन तास गेले. माजघरातून काकू म्हणाल्या, ‘परवा गॅसही चालू ठेवला होता त्यांनी. पोरानं सांगलीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.’ काकांनी मान वर केली नाही. मीही काही बोललो नाही, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

यादी संपल्यावर मी सहज विचारलं, ‘काका, यातला तुम्ही रोज टाकत होता तो कुठला?’

‘तो यादीत नाही. तो चुकीचा निघाला. पन्नासदा टाकून बघितला. म्हणजे तो नसणारच.’

‘एकदा माझ्यासमोर टाका.’

‘तू तिकडं बघ,’ म्हणाले. पासवर्ड कुणाला दाखवायचा नाही, हेही मीच शिकवलेलं. मी कीबोर्डकडे पाठ केली, पण पडदा दिसत होता. काकांची नजर कळांवर. दोन कळा डावीकडे वाजल्या, मग उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनात भराभर बोटं पडली. कळांचा आवाज मी मोजला, नऊ. पडद्यावर ठिपके तीन.

नम लॉक बंद होता. तो बंद असला की त्या चौकोनातल्या कळा आकडे उमटवत नाहीत, नुसता कर्सर हलवतात. तिरकी रेघ मात्र उमटते. दोन अक्षरं आणि एक रेघ, झाले तीन ठिपके. नम लॉकचा दिवा कीबोर्डवर होता, पण धूळ बसू नये म्हणून काकूंनी घातलेलं प्लास्टिकचं कव्हर इतकं पिवळं पडलं होतं की दिवा आहे की नाही हेही कळत नव्हतं.

‘हे कधीपासून?’

‘कॉम्प्युटरचं घड्याळ मागं पडायचं म्हणून तो तालुक्याला नेला होता. तिथनं आणल्यापासून.’

त्या दुकानात मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल बदलला होता. सेल काढला की बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग मूळपदावर जातात, आणि या मशीनच्या मूळपदात नम लॉक बंद. सेल बदलणाऱ्याने एक मिनिट काढून ती तपासायला हवी होती. ती कुणी तपासत नाही.

मी कळ दाबली आणि काकांना पुन्हा टाकायला सांगितलं. या वेळी नऊ ठिपके आले, मशीन उघडलं. आता पासवर्ड बदललाय म्हणून सांगतो, तो घरच्या मळ्याचा जुना सर्व्हे नंबर होता. गटवारी होऊन पिढी उलटली, सातबाऱ्यावर गट नंबर आला, तरी काकांच्या बोटात जुनाच नंबर.

पाळीपाण्याची फाइल उघडून दाखवली. त्यांनी ती बघितलीच नाही.

‘म्हणजे पहिल्यापासून तोच होता?’

‘तोच होता, काका.’

‘मी विसरलो नव्हतो.’

‘नाही.’

तीन आठवडे हा माणूस रोज बरोबर पासवर्ड टाकत होता, आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा सोडून वहीत नातवंडांच्या तारखा लिहीत बसला होता. त्यांच्या शेजारी दोन तास बसूनही, रोजचा पासवर्ड कुठला हे मला आधी विचारावंसं वाटलं नाही. मशीन अनोळखी गिऱ्हाइकाचं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत कीबोर्ड तपासला असता.

किल्लीची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ती दागिन्यांच्या डब्यात ठेवायला काकूंकडे दिली. निघताना काका अंगणापर्यंत आले.

‘पोराला फोन लाव. तू सांग त्याला. माझं ऐकायचा नाही.’

मी फोन लावला. रिंग वाजत होती तेव्हा म्हणाले, ‘स्पीकर चालू कर. तिलाही ऐकू दे.’