बाराव्या नराचं काय लिहू?

अमेरिकेत नेब्रास्काच्या सँडहिल्स नावाच्या गवताळ टेकड्यांमधे ग्राउज, म्हणजे कोंबडीसारखे माळावरचे पक्षी, मोजायच्या कामावर होते तेव्हाची एप्रिलमधली एक पहाट. अंधारातच लपणात जाऊन बसायचं आणि फटफटायला लागलं की नर माळावर उतरून नाचायला लागतात ते मोजायचे. ह्या नाचायच्या जागेला लेक म्हणतात, नर वर्षानुवर्षं तिथेच येतात. थंडी एवढी की बोटांत पेन्सिल आहे का नाही तेच कळेना.

तिथे शार्प-टेल्ड ग्राउज आणि ग्रेटर प्रेअरी चिकन, ग्राउजच्या दोन्ही जाती आहेत. एरवी ओळखायला सोपे. शार्प-टेलची शेपटी टोकदार, नाचताना फुगणारी गळ्याची पिशवी जांभळट, पोटाकडे व्ही सारख्या खुणा, आणि पंख पसरून पाय असे भराभरा आपटतो की चावीचं खेळणंच. प्रेअरी चिकनची पिशवी नारिंगी-पिवळी, अंगभर आडवे पट्टे, मानेवर लांब पिसं उभी राहतात आणि आवाज रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यासारखा घुमतो.

अकरा प्रेअरी चिकन लिहून झाले आणि बाराव्यावर अडले. मानेची पिसं होती पण आखूड, पिशवी धड नारिंगी नाही धड जांभळी नाही, घुमायला सुरुवात करायचा आणि मधेच आवाज तुटायचा की लगेच पाय आपटायला लागायचा. सोबतचा म्हणाला शार्प-टेल लिही, मला पटेना. फॉर्मवर रकाने दोनच.

संकर होता तो. दोन्ही जाती इतक्या जवळच्या आहेत की त्यांच्या संकरालाही पिल्लं होतात, आणि काळजी त्याचीच वाटते. कॅनडात ऑन्टारियोतल्या मॅनिटूलिन बेटावर सरमिसळ वाढत गेली आणि शुद्ध प्रेअरी चिकन उरलेच नाहीत. प्रेअरी चिकनची पूर्वेकडची उपजात, हीथ हेन, तर 1932 मधे कायमची गेली, शार्प-टेलचीही न्यू मेक्सिकोतली उपजात संपली. असा पक्षी मी डोळे मिटून एका रकान्यात टाकला तर आकडा छान दिसेल पण माळावर काय चाललंय ते कुणालाच कळणार नाही, म्हणून मी समासात बारीक अक्षरात सगळं वर्णन लिहिलं.

दोन माद्या आल्या, त्याच्या समोरून सरळ मधल्या नराकडे गेल्या. तो नाचतच राहिला.

सगळे उडून गेल्यावर त्याच्या जागेवर जाऊन गुडघ्यावर बसून शोधलं तर दवाने चिकटलेलं एक पीस मिळालं, पांढुरकं, त्यावर तपकिरी पट्टा, सरळ जाता जाता मधे थोडा व्ही सारखा वाकलेला. डीएनएसाठी पाकिटात ठेवलं आणि वर लिहिलं, नर क्रमांक 12.