५१२ जीबीवर चार लिनक्स: तीन बसली, चौथ्याची जागा राखून

सांगली, मे महिना. एकाच संगणकावर मिंट २२, डेबियन १२ आणि फेडोरा या लिनक्स सिस्टीम सुरळीत सुरू आहेत. उबंटू बाकी आहे.

५१२ जीबीची एसएसडी सिस्टीममध्ये ४७६ दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि सिस्टीम १०२४ ने. आखणी ४७६ धरूनच करायची. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) जीपीटी, कारण जुन्या एमबीआर प्रकारात प्रायमरी पार्टिशन चारच मिळतात आणि इथे आत्ताच सात झाली आहेत. पहिलं ईएफआय (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइलींचं), फॅट३२, १ जीबी. पुढे मिंट ५०, डेबियन ४०, फेडोराचं बूट १ आणि बीटीआरएफएस (फाइल सिस्टीम) ६०, स्वॅप (मेमरी कमी पडली तर लागणारी जागा) ८, सामायिक डेटा २५०. उरलेले ६६ जीबी मुद्दाम शेवटी कोरे सोडले. पार्टिशन उजवीकडे वाढवणं मिनिटभराचं काम. डावी कड सरकवली की जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन आतला सगळा डेटा उचलून पुन्हा लिहितं. वळवाच्या पावसात मधेच लाइट गेली तर ते पार्टिशन गेलंच समजा. यूपीएस नसेल तर या वाटेला जाऊच नका.

होम (युजरच्या फाइली आणि सेटिंगचं फोल्डर) सामायिक ठेवलं नाही. तीन डेस्कटॉपच्या लपलेल्या सेटिंग फाइली एकमेकींवर लिहितात, आणि नव्या फायरफॉक्सने वापरलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स घेत नाही. फक्त डेटा सामायिक. पहिल्या युजरचा आयडी तिन्हीकडे १०००, त्यामुळे परवानग्यांची कटकट नाही. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टीम रूटसाठी (अ‍ॅडमिन युजर) ५ टक्के जागा अडवून ठेवते, म्हणजे इथे साडेबारा जीबी. डेटा पार्टिशनवर ती ट्यून२एफएस कमांडने शून्य केली.

स्वॅपने मात्र अडकवलं. मिंट आधी बसवलं होतं; नंतर डेबियनच्या इन्स्टॉलरने तेच स्वॅप पुन्हा फॉरमॅट केलं आणि त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला. मग मिंट सुरू होताना जुनं स्वॅप शोधत १ मिनिट ३० सेकंदांची उलटी गिनती पडद्यावर. ब्लकआयडी कमांडने नवा यूयूआयडी काढून मिंटच्या एफएसटॅब फाइलमध्ये (पार्टिशनची यादी) घातला, गिनती गेली. इन्स्टॉलरमध्ये स्वॅपला ‘वापरू नका’ निवडलं असतं तर हा प्रकार टळला असता. स्वॅप एकच, तेव्हा हायबरनेट (मेमरी स्वॅपमध्ये साठवून संगणक बंद करणं) सगळीकडे बंद.

आता उबंटू. मिंट आणि उबंटू दोन्ही ईएफआयमध्ये ‘उबंटू’ नावाच्याच फोल्डरवर हक्क सांगतात. शेवटी जो बसेल त्याचा ग्रब (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा मेन्यू) राहतो. म्हणून मुख्य ग्रब डेबियनचा ठेवलाय, बूट क्रमात पहिला. तो मिंट-उबंटूचे कर्नल (सिस्टीमचा गाभा) थेट त्यांच्या मुख्य पार्टिशनमधून उचलतो, फोल्डरात काहीही होवो. त्यासाठी इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर ग्रब २.०६ पासून मुळात बंद असतो, तो चालू करावा लागतो. सिक्युअर बूटही (सुरू होताना सह्या तपासणं) बंद हवं, नाहीतर डेबियनचा शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) उबंटूच्या कर्नलची सही मानत नाही. फेडोरा कर्नल वरचेवर बदलतो आणि डेबियनच्या मेन्यूला त्याचा पत्ता नसतो, म्हणून फेडोराच्या शिमला चेनलोडची (पुढचं काम थेट त्याच्याकडे सोपवण्याची) वेगळी नोंद केली.

उबंटू बसवण्याआधी ईएफआय पार्टिशनची प्रत पेनड्राइव्हवर काढायची आहे.