भाचा – 27 – 180

आज हिने मशीन लावायच्या आधी पँटचे खिसे उलटे केले आणि लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानाचं कार्ड निघालं. मागे निळ्या पेनाने दुकानातल्या पोराने लिहिलेलं, वर '24 – 100 – काका', खाली '27 – 180 – भाचा'. हिने विचारलं, कोणाचा भाचा? मी म्हटलं, दुकानवाल्याचं काहीतरी असेल. म्हणजे दोन दिवसांत दुसरी थाप, आणि दोन्ही एका मॉनिटरपायी.

जुन्याला उजवीकडे गुलाबी उभी रेघ आलीये, पंधरा दिवस एक्सेल तिच्या अलीकडे ढकलून काम चाललंय, तेव्हा नवीन लागणारच होता, त्यात चोरी कसली? पण पोराने विचारलं, "काका, साधा का गेमिंगचा?" आणि माझ्या तोंडून फटकन निघालं, साधा मला, गेमिंगचा भाच्यासाठी बघतोय. त्याने कोणासाठी हे विचारलंच नव्हतं. पुढे तर मी सुटलोच. काय खेळतो? सीएस, म्हणजे काउंटर-स्ट्राइक. ग्राफिक्स कार्ड कुठलं? 1650. माझंच कार्ड, माझाच गेम. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे हेही सांगून टाकलं.

दोन दिवस तेच डोक्यात. खोटं बोललो याचं एवढं नाही, इतक्या सफाईने बोललो याचं.

पोरगा मात्र जाणता होता. 27 इंची 180 हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला 180 वेळा चित्र बदलणाऱ्यांत, एक स्वस्तातला दाखवला, व्हीए नावाच्या पॅनलचा, त्याने काळ्या स्क्रीनवर एक राखाडी खिडकी पकडून इकडून तिकडे ओढली तर तिच्यामागे काजळ फासल्यासारखी सावली घसटत आली. डब्यावर 1 एमएस, म्हणजे मिलिसेकंद, लिहिलंय ते जाहिरातीपुरतं म्हणाला, अंधाऱ्या रंगात पिक्सेल एवढ्या लवकर बदलत नाही. शिवाय तो 1080चा, म्हणजे 24 इंचाचेच पिक्सेल 27 इंचावर ताणलेले. मी मुद्दाम मराठी मजकूर उघडायला लावला, रफार नि वेलांट्यांच्या कडा दातेरी दिसत होत्या, आणि मी दिवसभर बघतो काय तर हेच. मग 1440चा, म्हणजे जास्त बारीक पिक्सेलचा, आयपीएस पॅनलवाला लावला, तो बघून मी गप्पच झालो. साडेसतरा हजार. काकाचा सात हजार आठशे.

परत येताना ट्रेनमध्ये मोबाइलवर हिशोब केला. 60 हर्ट्झला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद थांबते, 100 ला 10, 180 ला 5.6. म्हणजे 60 वरून 100 वर गेलो की जवळपास पावणेसात मिलिसेकंद वाचतात, पुढे 180 पर्यंत फक्त साडेचार, आणि त्या साडेचारचे पावणेदहा हजार. वर माझं 1650 बिचारं 1440 वर तेवढ्या फ्रेम ओतणार कुठून? गणित एवढं स्वच्छ आहे की दुकानातच सुटलं असतं, मग दोन दिवस कसला विचार करतोय?

2004 ला कॉलेजजवळच्या सायबरमध्ये वीस रुपये तासाने बसायचो तेव्हा ते ढेरपोटे 17 इंची मॉनिटर होते, बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे रिफ्रेश रेट 60 चा 85 करायचा, नाहीतर फडफड होऊन डोकं दुखायचं. मग घरात एलसीडी आला, फडफड गेली नि मी वीस वर्षं गुपचूप 60 वर राहिलो. नोकरी, लोन, अण्णांचं ते सगळं, आणि दरवेळी घेताना कामाचं काय ते आधी. गेमिंगचा मागायला मला अजून दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुढे करावं लागतं, स्वतःच्या पैशाने, 41 व्या वर्षी. आणि नाव तरी कुठलं सुचावं, तर भाचा. ताईच्या घरी हा शब्द... जाऊ दे. हिने कार्ड वाचून पुढे काहीच विचारलं नाही, ते त्यामुळेच असणार.

बरं, एवढं रडगाणं गायलो पण मागच्या सहा महिन्यांत खेळलो किती, तर चार वेळा. त्यातल्या दोनदा अर्ध्यात झोप लागली. पोरगा सांगत होता, लोक 180चा नेतात नि विंडोजच्या सेटिंगमध्ये तो 60 वरच राहतो, वर्षभर पत्ता लागत नाही. हे ऐकून तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं.

तर काकाचाच घेणार. 24 इंची, 100 हर्ट्झ, आणि घरी आणला की सगळ्यात आधी सेटिंग उघडून आकडा बदलणार, हे कुणाच्या नावावर नाही. स्टँड नुसता मागे-पुढे झुकतो, वर होत नाही, त्याखाली दोन जुने दिवाळी अंक घालावे लागतील.

शनिवारी जातो. पोराने विचारलंच तर सांगेन, भाच्याला दोन केट्या लागल्यात, त्याचं सध्या बंद.