‘दोनच द्या की’

घरी आलेलं मूल माशांच्या टाकीच्या काचेला नाक लावून बसतं आणि निघताना त्याची आई म्हणते, ‘एवढे आहेत, याला दोनच द्या की.’ मी नाही म्हणते. मग ‘मासेच तर आहेत’ हेही ऐकून घेते. का देत नाही, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

माझ्या तीन फुटी टाकीत झाडांमध्ये पस्तीस कार्डिनल टेट्रा आहेत, निळ्या-लाल पट्ट्यांचे इवले मासे. हा जोडीनं राहणारा मासा नाही. ब्राझीलच्या रिओ निग्रो खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात तो थव्यानं फिरतो. दोनच ठेवले तर ते कोपरा धरतात, खाणं सोडतात.

चार वर्षांपूर्वी मी दिले होते. भाच्याचा सातवा वाढदिवस होता. दोन नाही, सहा दिले, आणि आपण किती विचार केला असं मला वाटलं. ताईनं काचेचा गोल बाऊल आणला होता. ना फिल्टर, ना झाडं. मे महिना, त्यांच्या सोसायटीत टँकरनं येणारं बोअरचं जड पाणी. विष्ठेतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात तो अमोनिया जास्त विषारी ठरतो. हे मला माहीत होतं. माझी स्वतःची टाकी मी पाच आठवडे नुसती झाडं लावून ठेवली होती! पण ताई खुशीत होती, आणि ‘तुझं नेहमीचंच काहीतरी’ हे मला त्या दिवशी ऐकायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. ‘मावशी, त्यांची निळी पट्टी गेली.’ मी म्हटलं, अंधारात रंग फिका पडतो, सकाळी परत येतो. ते खरंच आहे. तो म्हणाला, ‘पण आत्ता दुपार आहे.’

मी पोचले तेव्हा दोन उरले होते, तळाशी, कल्ले भराभर हलत होते. आजारी दिसतात म्हणून तो रोज सगळं पाणी बदलत होता. पिशवीत घालून दोघांना घरी आणलं. सकाळपर्यंत तेही गेले. ‘मी मारले का गं?’ त्यानं विचारलं. मी ‘नाही रे’ म्हटलं. मग कुणी, ते सांगितलं नाही.

‘नीट समजावून द्यायचे होते,’ असं काहीजण म्हणतात. खरं आहे. पण सात वर्षांच्या मुलाला किती समजावायचं, आणि वाढदिवसाला रिकामी टाकी कशी द्यायची? आणि मी तरी कुठे सुटते? रिओ निग्रोकाठच्या बार्सेलोस गावची माणसं नदीत जाळी टाकून हेच मासे पकडत आली आहेत, ते जगभर विकले जातात. पस्तीसांना मी थवा म्हणते. नदीतल्या थव्यापुढे ते किती?

भाचा आता अकरा वर्षांचा आहे. येतो, टाकीसमोर हात मागे बांधून उभा राहतो. मागत नाही.